आधी वजन सांगा, मग चाव्या द्या

मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्या माहितीपत्रकांत पलंग किती, शेगडीला बर्नर किती, फ्रीज किती लिटरचा हे सगळं पहिल्या पानावर ठळक असतं. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन, म्हणजे माणसं आणि सामान धरून ती जास्तीत जास्त किती भरलेली चालते तो आकडा, मात्र शेवटच्या पानावरच्या तक्त्यात, बारीक अक्षरांत सापडतं. माझी मागणी साधी आहे. हे वजन पहिल्या पानावर आणा आणि ती गाडी चालवायला कोणत्या वर्गाचा परवाना लागतो ते त्याच ओळीत लिहा. ग्राहकाला ती गाडी रस्त्यावर नेण्याचा हक्क आहे की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरतं. तोच त्याला सगळ्यांत उशिरा कळतो, कधी कधी तर पोलिसांनी गाडी वजनकाट्यावर चढवल्यावर कळतो.

मोटरहोमसाठी वेगळा परवाना बहुतेक देशांत नसतोच. कायद्याच्या लेखी ती आत पलंग आहेत म्हणून घर ठरत नाही, की फिरायला वापरतात म्हणून मोठी कारही ठरत नाही. ती अमुक किलोचं वाहन असते आणि त्या किलोंप्रमाणे तिचा वर्ग ठरतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारात 'बी' वर्ग, म्हणजे आपला नेहमीचा कारचा परवाना, ३,५०० किलो कमाल वजन आणि चालकाशिवाय आठ आसनं इथे थांबतो. युरोपात त्याच्या पुढे ७,५०० किलोपर्यंत 'सी१' लागतो आणि त्याहून जड गाडीला 'सी'. हे वर्ग मुळात मालवाहू गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत, म्हणून सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या मनात ते येतही नाहीत. तुमच्या मनात ते यायलाच हवेत, कारण तुमचा तो धंदा आहे.

दुसरा गैरसमज याहून जास्त पसरलेला आहे. परवान्यासाठी मोजलं जातं ते उत्पादकाने गाडीला लावलेल्या वजनाच्या पाटीवरचं कमाल वजन. त्या क्षणी गाडी प्रत्यक्षात किती भरते याचा परवान्याच्या वर्गाशी संबंध नाही. पाटीवर ३,८५० किलो असेल आणि गाडी रिकामी, काट्यावर जेमतेम ३,२०० भरत असेल, तरी नुसता 'बी' परवाना असलेल्याने ती चालवणं म्हणजे परवान्याविना चालवणं. उलट बाजूने, पाटी ३,५०० ची असेल आणि गाडी ३,८०० भरली, तर परवाना बरोबर असूनही जादा वजनाचा गुन्हा होतो. हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि ग्राहक ते एकच समजतो. तुमच्या विक्री प्रतिनिधींपैकी किती जणांना हा फरक नीट सांगता येईल, हे तुम्हीच त्यांना विचारून पाहा.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे तिच्याकडे येतो. ३,५०० ही पाटी तुम्ही गाडीला का लावता? बऱ्याचदा कारण एवढंच असतं की त्या आकड्यापर्यंत साधा कारचा परवाना चालतो, म्हणजे गिऱ्हाईक सर्वांत जास्त. त्यात गैर काही नाही. पण मग त्या गाडीत जे बसवून विकता ते ३,५०० मध्ये बसायला हवं, आणि ते बसत नाही.

एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण तुमच्यापैकी कोणालाही ते अनोळखी वाटणार नाहीत. पाटी ३,५०० ची. माहितीपत्रकातलं 'प्रवासाला सज्ज' वजन ३,०५० किलो. युरोपीय नियमांप्रमाणे त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. उरले ४५० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. चार आसनांच्या गाडीत चालकाशिवाय तीन माणसं, प्रत्येकी ७५ किलो धरली की २२५ गेले, उरले २२५. ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडणारं कापडी छप्पर, ३० किलो, सायकलींचा रॅक आणि दोन इलेक्ट्रिक सायकली ६५, दुसरी बॅटरी २५, सौर पॅनेल १५. राहिले ९०. गाडीत पाण्याची टाकी १०० लिटरची असते, पण 'प्रवासाला सज्ज' वजनात अनेक उत्पादक २० लिटरच पाणी धरतात आणि तसं धरायला मुभा आहे. टाकी पूर्ण भरली की आणखी ८० किलो. उरले १०. या दहा किलोंत चार माणसांचे कपडे, अंथरुणं, भांडीकुंडी, किराणा, घडीचं टेबल, खुर्च्या, पाण्याचा पाइप आणि हत्यारांची पेटी बसवायची आहे.

हे इथेच संपत नाही. जाहीर केलेल्या वजनात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक नियमांना मान्य आहे. ३,०५० चे ५ टक्के म्हणजे सुमारे १५० किलो. म्हणजे कारखान्यातून निघालेली गाडी कागदाला धरून असूनही प्रत्यक्षात ३,२०० भरू शकते. तसं झालं तर वरच्या हिशेबातल्या सायकली आणि बॅटरी चढायच्या आधीच गाडीची क्षमता संपत आलेली असते.

सामानासाठी किमान किती वजन मोकळं ठेवावं याचं सूत्रही युरोपीय नियमांत आहे. चालक धरून माणसांची संख्या आणि मीटरमधली गाडीची लांबी यांची बेरीज करायची आणि तिला दहाने गुणायचं. चार माणसं, सात मीटर गाडी, म्हणजे ११० किलो. माणशी साडेसत्तावीस. विमानात एक बॅग आणि हातातली पिशवी मिळून साधारण एवढंच नेता येतं, आणि इथे तर महिनाभराचा संसार न्यायचा असतो. नियम पाळल्याचं समाधान तुम्हाला ते ११० किलो देतील. ग्राहकाला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की परवान्याच्या मर्यादेत गाडी बसवल्याचं श्रेय तुम्ही घेता आणि ती मर्यादा पाळण्याचा भार पूर्णपणे ग्राहकावर टाकता. दंड त्याला होतो. जादा वजन उतरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं त्याला रस्त्याकडेला उभं करून सांगितलं जातं. अपघात झाला तर विमा कंपनी त्याच्या कागदांकडे बोट दाखवते. आणि हा केवळ कागदांचा प्रश्न नाही. जास्त वजन म्हणजे थांबायला जास्त अंतर, टायरवर जास्त ताण. मागे सायकली आणि सामान लादलं की मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, त्याच्या वेगळ्या मर्यादेच्या पलीकडे जातो. गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच पाठीमागे लोंबत असतो, त्यामुळे तिथे ठेवलेल्या शंभर किलोंचा मागच्या एक्सलवर शंभराहून जास्त भार पडतो, आणि तेवढाच जादा भार पुढच्या चाकांवरून कमी होतो. पुढच्या चाकांवरचं वजन घटलं की स्टिअरिंग हलकं वाटू लागतं. नवख्या चालकाला तो हलकेपणा आवडतोसुद्धा, आणि हीच भीतीची गोष्ट आहे.

यावर तुमच्याकडे एक उत्तर तयार असतं. पाटी बदलून घ्या. तेच इंजिन, तेच ब्रेक, कधी टायर किंवा मागच्या स्प्रिंगांत थोडा बदल, कधी तोही नाही, आणि ३,५०० ची गाडी कागदावर ३,६५० किंवा ३,८५० ची होते. वजनाचा प्रश्न सुटतो, हे मी नाकारत नाही. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तो भार पेलायला बनलेली असेल तर पाटी वाढवणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. पण त्याच क्षणी परवान्याचा वर्ग बदलतो आणि त्याच्या पाठोपाठ बरंच काही बदलतं. जर्मनीत ३,५०० वरच्या, ७,५०० पर्यंतच्या मोटरहोमना महामार्गावर ताशी १०० ची आणि शहराबाहेरच्या इतर रस्त्यांवर साधारणपणे ८० ची मर्यादा लागते. ऑस्ट्रियात साध्या टोल स्टिकरच्या जागी किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारी पेटी गाडीत बसवावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनांचा कर वेगळा भरावा लागतो. हे सगळं 'पाटी बदलून देतो' या तीन शब्दांत झाकलं जातं. पाटी बदलायचा अर्ज ग्राहकापुढे ठेवाल तेव्हा शेजारी त्याचा परवानाही ठेवा आणि दोन्ही एकत्र वाचा.

घरात गाडी चालवणारा एकच माणूस नसतो, हेही लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या परवान्यावर 'सी१' आपोआप आहे, त्यांना ७,५०० किलोपर्यंत चालवता येतं. त्या दिवसापासून पुढे उत्तीर्ण झालेल्यांना ३,५०० पर्यंतच. जर्मनीत १९९९ च्या आधी मिळालेल्या जुन्या तिसऱ्या वर्गाच्या परवान्यालाही ७,५०० किलोपर्यंत मुभा आहे. म्हणजे एकाच घरात वडिलांना चार टनांची गाडी चालवता येते आणि मुलीला येत नाही, मग ती त्यांच्यापेक्षा कितीही सफाईदार चालवत असो. गाडी वडिलांच्या परवान्यावर घेतली जाते. कुठल्यातरी घाटात वडिलांची पाठ धरते किंवा ताप चढतो, आणि स्टिअरिंगवर बसायला कायद्याने दुसरं कोणीच नसतं. अशा वेळी माणसं कायदा मोडतात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण 'या गाडीवर दुसरा चालक कोण?' हा प्रश्न विकणाऱ्याने आधीच विचारला असता, तर ही वेळ आली नसती.

ब्रिटनमधल्या त्या जुन्या हक्काला वयाचीही अट आहे. सत्तरी गाठली की परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, आणि 'सी१' टिकवायचा असेल तर वैद्यकीय तपासणीचा अहवाल जोडावा लागतो, त्यात दृष्टीच्या अटी कारच्या परवान्याहून कडक असतात. तो जोडला नाही तर कारचा परवाना राहतो, जड गाडीचा जातो. मोटरहोम घेणाऱ्यांत नुकतेच निवृत्त झालेले खूप असतात. आयुष्यभराची पुंजी घालून साठीच्या मध्याला चार टनांची गाडी घेणाऱ्या माणसाला, पाच वर्षांनी हा टप्पा येणार आहे हे सांगणं तुमचं कर्तव्य आहे. ऐकून तो कदाचित हलकी गाडी घेईल, किंवा तपासणीची मानसिक तयारी ठेवील. निर्णय त्याचा, पण तो माहिती हातात असताना व्हावा.

भाड्याने देणाऱ्यांशी आता थोडं वेगळं बोलायचं आहे.

काउंटरवर परवान्याच्या पुढच्या बाजूचा फोटो काढला जातो, नाव आणि मुदत पाहिली जाते, डिपॉझिट घेतलं जातं आणि चाव्या दिल्या जातात. परवान्याचा वर्ग अनेक देशांत कार्डाच्या मागच्या बाजूला असतो. मागची बाजू वाचा. प्रत्येक चालकाची वाचा, फक्त बुकिंग करणाऱ्याची नको. परदेशातून आलेल्याची तर दोनदा वाचा, कारण देशागणिक आकडे बदलतात. न्यूझीलंडमध्ये कारच्या परवान्यावर ६,००० किलोपर्यंतची गाडी चालते. ऑस्ट्रेलियात ४,५०० पर्यंत. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ११,००० पर्यंत. भारतात 'हलकं मोटार वाहन' ही व्याख्याच ७,५०० किलोपर्यंत जाते, आणि त्या वजनाखालचं व्यावसायिक वाहनही त्याच परवान्यावर चालवता येतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेत खासगी वापराच्या मोटरहोमना बहुतेक ठिकाणी व्यावसायिक परवाना लागत नाही, पण राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब मोटरहोमला बिगर-व्यावसायिक 'बी' वर्गाचा परवाना लागतो, म्हणजे तिथे वजनाच्या जोडीला लांबीही मोजली जाते.

या देशांतून आलेला पाहुणा तुमच्या काउंटरवर अगदी निर्धास्त उभा असतो. त्याने मायदेशी पाच टनांची गाडी रीतसर चालवलेली असते. ३,५०० ची रेषा त्याच्या अनुभवात कुठेच नसते, आणि 'ही तर घरच्यापेक्षा लहान आहे' असं तो खऱ्या मनाने म्हणतो. आंतरराष्ट्रीय परवाना जवळ आहे म्हणून सगळं बसतं, असंही त्याला वाटतं. ती पुस्तिका मूळ परवान्याची ओळख पटवते, जास्तीचा हक्क देत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा, आणि काउंटरवर पोचल्यावर सांगू नका. बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण विमानाची तिकिटं काढून, मुलांना घेऊन दारात आलेल्या माणसाला नकार देणं तुम्हालाही जड जातं, आणि मग 'जाऊ दे, कोण बघतंय' म्हणत चाव्या दिल्या जातात.

नकार द्यायची वेळ आली तर मात्र द्या. परवाना बसत नसेल तर लहान गाडी द्या, नसेल तर पैसे परत करा.

पलंगांच्या संख्येबद्दल एकच वाक्य: सहा पलंग आणि सीटबेल्टची चारच आसनं असलेली गाडी 'सहा जणांसाठी' म्हणून भाड्याने देऊ नका.

परवाना बसला म्हणजे गाडी चालवता आली असंही नाही. छोट्या कारवर परीक्षा दिलेला माणूस त्याच कार्डावर सात मीटर लांब, तीन मीटर उंच गाडी घेऊन निघतो, आणि कायद्याला त्यात काही वावगं दिसत नाही. मला दिसतं. कार वळते तशी ही वळत नाही. मागच्या चाकांपासून पाठीमागे दीड-दोन मीटर गाडी बाहेर असते. डावीकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं की तो मागचा कोपरा उजवीकडे फेकला जातो आणि शेजारी उभ्या गाडीला, खांबाला किंवा माणसाला लागतो. चालक पुढे बघत असतो, वळणाच्या दिशेने बघत असतो, नेमका त्या कोपऱ्याकडे बघत नसतो. पुलाखालून जाताना छताची उंची त्याच्या डोक्यात नसते, कारण आयुष्यात कधी ती लागलेलीच नसते. उघड्या माळावर बाजूने वारा आला की एवढी मोठी सपाट भिंत कशी सरकते, हेही त्याला पहिल्यांदाच कळतं.

तुम्ही गाडी ताब्यात देताना तासभर समजावता, मला माहीत आहे. शौचालयाची टाकी कशी रिकामी करायची, गॅस कसा बंद करायचा, हीटर कसा लावायचा. तो तास मोलाचा आहे. त्याला आणखी अर्धा तास जोडा आणि तो गाडी चालवण्यासाठी ठेवा. रिकाम्या मैदानात दोन शंकू लावा, एक डावं वळण, एक उजवं वळण, एकदा मागे घ्यायला लावा, दुसऱ्या चालकालाही लावा. गाडीची उंची, रुंदी आणि पाटीवरचं वजन चालकाच्या नजरेसमोर, डॅशबोर्डवर, मोठ्या अंकांत चिकटवा. यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही.

कायदाही हळूहळू हलतो आहे. युरोपीय संघाने २०२५ मध्ये परवान्याचे नवे नियम मंजूर केले. त्यांत 'बी' परवानाधारकांना विशेष प्रशिक्षण किंवा चाचणीनंतर ४,२५० किलोपर्यंतच्या मोटरहोम चालवण्याची वाट खुली केली आहे. सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणायला काही वर्षांची मुदत आहे, आणि तोपर्यंत ३,५०० ची रेषा आहे तिथेच आहे. म्हणून 'लवकरच चालेल' असं सांगून आजच चार टनांची गाडी गळ्यात मारू नका. ब्रिटनमध्येही २०२५ पासून ४,२५० ची सवलत आली, पण ती शून्य-उत्सर्जन वाहनांना आहे. डिझेलवरच्या मोटरहोमला ती लागू नाही, आणि दोन्ही बातम्यांतला आकडा एकच असल्याने लोकांची गल्लत होणं स्वाभाविक आहे. ती गल्लत विक्रीसाठी वापरू नका.

युरोपातला हा बदल मला मनापासून पटतो. त्यात वजनाची सवलत आणि शिकण्याची अट एकत्र आली आहे, आणि हे आधीच व्हायला हवं होतं. माझी काळजी वेगळी आहे. वाढीव ७५० किलो हातात आल्यावर तुम्ही त्यांचं काय कराल? आणखी मोठा फ्रीज, दगडी ओटा, दुसरा टीव्ही, मागे स्कूटरचं गॅरेज असं करत गेलात, तर पाच वर्षांनी आपण ४,२५० च्या पाटीखाली हाच हिशेब पुन्हा मांडत बसू. ते वजन मोकळं ठेवा. माणसांसाठी, पाण्यासाठी, त्यांच्या सामानासाठी.

गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्याआधी, त्याने मागवलेल्या सगळ्या जोडण्या बसवून झाल्यावर, ती एकदा काट्यावर न्या. दोन्ही एक्सलचं वेगवेगळं आणि मिळून एकूण वजन असलेली पावती घ्या. तिच्यावर पाटीचा आकडा, उरलेले किलो आणि लागणारा परवान्याचा वर्ग लिहा, शिक्का मारा आणि चाव्यांबरोबर द्या. पुढची गाडी पाहायला मी येईन तेव्हा पलंग बघण्याआधी अशी पावती मागणार आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने ती मागावी अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक मोटरहोमचालक